देवपूरचा मुका लॅपटॉप

देवपुरात रेडिओ, टेप, लाउडस्पीकर, काहीही मुकं झालं की लोक ते अय्युबभाईंकडे आणत. तीस वर्षं त्यांनी आवाजच दुरुस्त केले. टेपचा जमाना गेला तसे भाई कॉम्प्युटर शिकले आणि लोकांच्या मशीनवर ती फुकटची लिनक्स सिस्टीम टाकून द्यायला लागले. सिस्टीम गुणाची, पण आवाजाच्या बाबतीत महाखट्याळ! आज वाजेल, उद्या अपडेट आलं की घुम्यासारखी बसेल. भाई तिला शिव्या घालत आणि पुढच्या गिऱ्हाइकाला पुन्हा तीच देत.

देवचंद नानांच्या लेकीला, स्नेहललाही त्यांनी तीच दिली होती. स्नेहलला जन्मापासून दिसत नाही. स्क्रीनवर काय आहे ते लॅपटॉप मोठ्याने वाचून दाखवतो, त्यावर तिचं सगळं चालतं. तोच आवाज गेला, आणि गेला तोही नेमका परीक्षेच्या दिवशी! जळगावच्या एका संस्थेतल्या नोकरीसाठी दुपारी तीनला घरूनच ऑनलाइन परीक्षा होती. पुन्हा संधी मिळणार नव्हती.

साडेबाराला भाई धापा टाकत आले. "तू बस बेटा, हात नको लावू. मी बघतो."

बघतो म्हणजे काय, त्यांनी सगळं करून पाहिलं. ड्रायव्हर, म्हणजे आवाजाच्या यंत्राला हुकूम समजावून देणारा प्रोग्राम, काढला आणि पुन्हा घातला. मशीन बंद, मशीन चालू. स्पीकर खोलून मीटर लावला, तर स्पीकर ठणठणीत! स्क्रीनवर आवाजाची पट्टी नाचत होती आणि खोलीत चिडीचूप.

"कंबख्त, वाजतंय तर ऐकू का येत नाही?"

नाना खाटेवर बसून नुसते घड्याळाकडे बघत होते. 

सव्वादोनला त्यांनी हात टेकले. "माफ कर बेटा. ही बला मीच तुझ्या गळ्यात बांधली."

"चाचा, आता मी हात लावू?"

भाई ओशाळले आणि बाजूला सरकले. स्नेहलने लॅपटॉपच्या कडेवरून सावकाश बोटं फिरवली. "ही वायर कसली? इथे कधी वायर नसते."

घ्या! भाईंनी वायर हाताने धरली आणि तिच्यामागे निघाले. टेबलामागून ती खाटेसमोरच्या कपाटावर गेली होती. तिथे भरतकामाचा रुमाल घातलेला टीव्ही होता, म्हणजे भाई इतका वेळ तो टीव्हीच समजत होते. रुमाल उचलला तर खाली कोरा करकरीत मॉनिटर. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सिस्टीमला नवा स्क्रीन दिसला, तिने कुणालाही न विचारता आवाज तिकडे धाडला, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हता.

"नाना, हे काय?"

वरणगावच्या कारखान्यात उभा जन्म काढलेले नाना मान खाली घालून म्हणाले, "बठ्ठी, सगळीच्या सगळी चूक मन्ही शे. सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा जोडला. परीक्षा झाल्यावर सांगणार होतो. ती दिवसभर लिहीत असते. लॅपटॉपवरचं बारीक अक्षर मला दिसत नाही. म्हटलं, लेकीनं लिहिलेलं बापाला खाटेवरून तरी वाचता यावं."

 भाईंनी वायर उपटली. लॅपटॉप एकदम बोलायला लागला आणि स्नेहलने मोठा श्वास सोडला.

नाना गुपचूप वायर गुंडाळू लागले.

"राहू द्या, पप्पा. चाचा, अक्षरं तिकडे आणि आवाज इकडे, असं जमेल ना?"

"जमेल की!" भाई म्हणाले. वायर पुन्हा जोडली तसा आवाज पुन्हा गेला, पण या खेपेला ते स्क्रीनवरची आवाजाची यादी वाचत गेले आणि बटणं स्नेहलने दाबली.

तीनला अजून दहा मिनिटं होती. स्नेहलने एक ओळ टाइप केली. नानांनी चष्मा चढवला आणि खाटेवरूनच अडखळत वाचलं, "पप्पा, आता दिसतंय का?"

"दिसतंय, बेटा. बठ्ठं दिसतंय," नाना म्हणाले, आणि मॉनिटरवरून काढलेला तो रुमाल त्यांनी डोळ्यांना लावला.