गुडघा ठीक आहे, सर

इन्फन्ट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. शेवटचं पोस्टिंग उत्तरेतल्या एका चौकीवर होतं. गस्तीचं पेट्रोल पहाटे पाचला निघायचं, नऊला परत यायचं. रेडिओ सेट माझ्या पाठीवर, आणि माझ्यापुढे चार पावलांवर नाईक दत्ता शेळके. साताऱ्याकडचा गडी. बोलायला लागला की थांबायचा नाही.

त्या दिवशी सहा चाळीसला सुरुंग फुटला. दत्ता जागीच गेला. माझ्या उजव्या गुडघ्यात लोखंड घुसलं. सेटवर मी एकच कॅज्युअल्टी कळवली, दत्ताची. साहेबांनी विचारलं, "तुझं काय?"

"ठीक आहे, सर. ओव्हर."

पुढे घरी पाठवण्याआधी मेडिकल बोर्ड बसलं. फौजेत दुखणं सांगणाऱ्याला कामचुकार म्हणतात. रांगेत माझ्याच कंपनीची चार पोरं उभी होती. मी काठी बाहेर भिंतीला टेकवली आणि ताठ चालत आत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, जिना चढता येतो का. म्हटलं, येतो. झोपेत दुखतं का. म्हटलं, नाही. गाढवपणा, दुसरं काय! अपंगत्वाचे टक्के कमी लागले आणि डिसॅबिलिटी पेन्शन त्यावरच ठरली.

जुईनगरचा फ्लॅट त्याआधीच बुक केला होता, पेन्शन जास्त येईल असं धरून. रबाळ्याला एका कारखान्यात सिक्युरिटीची नोकरी धरली. बारा तास उभं राहून गुडघा भोपळ्यासारखा सुजला, ती सुटली. लोनचे तीन हप्ते थकले. बोर्डासमोर मी काय बोललो, ते बायकोला, सुनंदाला, सांगितलंच नव्हतं.

रविवारी अकरा दहाला वसुलीवाले आले. खाली सोसायटीची मीटिंग चालू होती. सगळ्यांसमोर त्यांनी माझं नाव घेऊन मजला विचारला. मी खिडकीतून पाहिलं, बाथरूममध्ये शिरलो आणि कडी लावली. सुनंदाने दार उघडून सांगितलं की हे गावी गेलेत. माझी काठी तिथेच चपलांच्या स्टँडला टेकलेली होती. ते दोघं काठीकडे बघत राहिले आणि ती खोटं बोलत राहिली. गोळीबारात कधी लपलो नाही. त्या दिवशी दोन पोरांना घाबरून बादलीशेजारी श्वास रोखून उभा होतो. अजून लाज वाटते.

ते गेल्यावर तिला सगळं सांगितलं. ती चिडली नाही. एवढंच म्हणाली, "दुखत होतं तर दुखतं म्हणायचं ना."

"दत्ताचा जीव गेला. मी गुडघ्याचे पैसे कुठल्या तोंडाने मागू?"

तिने दत्ताच्या बायकोला, रेखाला, फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन माझ्या हातात दिला.

रेखा म्हणाली, "भावजी, ह्यांच्या पेन्शनीवर माझ्या पोरी शिकत्यात. मग मीबी मान खाली घालून फिरू का?"



सोमवारी दहाला काठी घेऊन बँकेत गेलो. सगळं खरं सांगितलं. मॅनेजर म्हणाले, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का बघू. तिथून माजी सैनिकांच्या ऑफिसात जाऊन पुन्हा बोर्ड बसवण्याचा फॉर्म आणला.

फॉर्मात घटनेचा तपशील मागितला होता. वेळ लिहिली, जागा लिहिली. मग दत्ताचं नाव लिहायला गेलो आणि पेन थांबलं. तो गेल्यापासून त्याचं नाव मी कुठे लिहिलं नव्हतं, त्या रविवारपर्यंत कुणापाशी काढलंही नव्हतं. बिल्डिंगमध्ये कुणी लंगडण्याबद्दल विचारलं की बाइकवरून पडलो म्हणायचो. गुडघा लपवता लपवता मी दत्तालाही लपवून ठेवलं होतं.

नाईक दत्तात्रय रामचंद्र शेळके. वय एकोणतीस. दोन मुली. मुलींचं फॉर्मात कुणी विचारलं नव्हतं. तरी लिहिलं.