वेदीचं कापड

माझी आत्या प्रार्थनेला बसली की तिचे ओठ हलत नाहीत, ती दातओठ खाते. देवाशी तिचं रोजचं भांडण आणि त्यात ती देवाला एक शब्द बोलू देत नाही. चर्चच्या मागच्या गल्लीत तिची लॉन्ड्री आहे. चर्चमध्ये सगळे तिला इस्त्रीबाई म्हणतात. तिला वाटतं, धंद्यावरून.

वेदीवरचं पांढरं कापड वर्षानुवर्षं तीच धुते. शनिवारी धुवायचं, चर्चच्या अंगणातल्या दोरीवर टाकायचं, ओलसर असतानाच इस्त्री फिरवायची आणि घडी न घालता गुंडाळून न्यायचं. वेदीवर घडीची रेघ दिसली तर रविवारी तिला घास उतरत नाही.

त्याच अंगणाच्या टोकाच्या खोलीत घंटाकाका राहतात. जन्मभर चर्चची घंटा वाजवली म्हणून घंटाकाका. मागेपुढे कोणी नाही. उन्हाळ्यात त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. दर रविवारी वेदीवरून त्यांच्यासाठी प्रार्थना व्हायची. मंडळीनं फुलं पाठवली. मोठा गुच्छ, वर सोनेरी फीत!

आत्या त्यांचा धुतलेला सदरा द्यायला गेली आणि दारातच थबकली. वास. फुलं टेबलावर आणि म्हातारा ओल्या गादीवर. पडून पडून पाठ सोलवटलेली.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती जाऊ लागली. पुसायचं, कूस बदलायची, चादर बदलायची. पण एवढा धिप्पाड माणूस एकटीच्यानं वळत नाही. एकानं धरायचं, दुसऱ्यानं चादर ओढायची. मी शनिवार-रविवारच तिच्याकडे असते. इतर दिवशी ती त्यांना गुडघ्यानं अडवून धरायची. एकदा ते निसटले आणि कपाळ भिंतीवर आपटलं.

त्या रविवारी उपासनेनंतर ती चर्चच्या दारातच उभी राहिली. "मला कोणाचे तरी दोन हात हवेत. सकाळी आणि संध्याकाळी."

"इस्त्रीबाई, आम्ही रोज प्रार्थनेत त्यांची आठवण काढतो," सेक्रेटरी म्हणाले. हे चर्चचे सेक्रेटरी म्हणजे कडक कॉलर, मऊ आवाज.

"आठवणीनं गादी वाळते का हो?"

हसले सगळे. हसले आणि पांगले.

पुढच्या शनिवारी दोरीवर वेदीचं कापड होतं आणि शेजारी घंटाकाकांच्या चादरी. धुतल्या होत्या, पण डाग काही पुरते गेले नव्हते. आत्या इस्त्री तापवायला गेली होती. मी चिमटे लावत होते, तेवढ्यात सेक्रेटरी आले.

"हे काय लावलंय? वेदीच्या कापडाला खेटून?"

"ऊन इथंच येतं, काका."

"लोक येतात-जातात इथून!" म्हणत त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत एकेक चादर धरून खाली ओढली. खाली चिखल होता. मग रुमालाला बोटं पुसली. वेदीचं कापड मात्र हळुवार सारखं केलं.

आत्या आली. चिखल बघितला. मी झालं ते सगळं सांगितलं, चिमटीपासून रुमालापर्यंत. मला वाटलं, आता चर्चचं छप्पर उडतंय. पण ती वाकून एकेक चादर गोळा करू लागली, आणि मी टरकले.

घरातल्या चादरी केव्हाच त्या खोलीत गेल्या होत्या. कोरडी अशी एकही उरली नव्हती. "दुकानात गिऱ्हाइकांच्या आहेत की," मी म्हटलं.

"त्या लोकांच्या. हे देवाचं." तिनं वेदीचं कापड दोरीवरून काढलं. "खळ काढायला हवी, टोचेल त्यांना." पुन्हा पाण्यातून काढलं, इस्त्रीनं खडखडीत वाळवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याची चौपदरी घडी घातली. मग खोलीत मी घंटाकाकांचे खांदे धरले, तिनं खाली कापड सरकवलं.

रविवारी वेदीचं लाकूड उघडं होतं. जुनं, चरे पडलेलं. पाळकसाहेब पुढं आले आणि अडखळले.

"बाई, कापड?"

आत्या उभी राहिली. "वापरात आहे."

"म्हणजे?"

"घंटाकाकांच्या खाली आहे."

बाकांवर कुजबुज सळसळली. सेक्रेटरी ताडकन उठले. मऊ आवाज गेला कुठल्या कुठे! "ही विटंबना आहे! पवित्र वस्तू आहे ती!"

"आणि तो म्हातारा कोण आहे? अडगळ?" आत्याचा आवाज चढला. "ज्याच्या नावानं ही वेदी मांडलीत, त्यानं लोकांचे मळके पाय धुतले. तेव्हा त्यानं चिमटीत धरले होते का हो पाय? नंतर रुमालाला बोटं पुसली होती का?"

"इस्त्रीबाई, शांतपणे..." पाळकसाहेब म्हणाले.

"शांतपणेच मागितले होते दोन हात! तुम्ही फुलं दिलीत." तिनं पिशवी उचलली. "चालू द्या तुमचं. त्यांना वळवायची वेळ झालीय."

ती निघाली. मी मागे. अंगण ओलांडताना आमच्यामागं झग्याची फडफड ऐकू आली. पाळकसाहेब. एकटेच. आत बाकं तशीच भरलेली.

खोलीच्या दारात त्यांनी नाकाशी हात नेला आणि आत्याकडे बघून खाली घेतला. मग तो हात घंटाकाकांच्या डोक्यावर ठेवायला गेले.

"आशीर्वाद नंतर. आधी खांदा धरा. तसा नाही, खालून. बाह्या वर करा."

त्यांनी बाह्या वर केल्या. घंटाकाका वळले. पाठ दिसली. पाळकसाहेबांनी डोळे मिटले, ओठ पुटपुटू लागले.

"डोळे उघडा!" आत्या कडाडली. "बघा. आणि सोडू नका."

त्यांनी डोळे उघडले. बघितलं. सोडलं नाही.

आत्यानं डागाळलेलं कापड ओढून घेतलं आणि चिखलातून काढून रात्रीतून पुन्हा धुतलेली चादर पसरली. घंटाकाकांचं अर्धं तोंड हललं. "साहेब... उपासना?"

पाळकसाहेबांनी खांदा धरूनच ठेवला.

"चालू आहे," आत्या गुरगुरली. "साहेब, संध्याकाळी सहाला. झगा घालून येऊ नका, अडकतो."