सरूआतेची वरची मूठ

आधी सरूआतेचं नाव घेते, कारण ती नसती तर आज मी कुठे असते हे मला खरंच सांगता येत नाही. सरस्वती हे तिचं कागदावरचं नाव. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वरच्या अंगाला आमची डोंगरउतारावरची वाडी आहे, तिथे लहानथोर सगळे तिला सरूआतेच म्हणतात. माझी ती सख्खी आत्या नव्हे. पण माझी शाळा सुटली तेव्हा सख्खी माणसं गप्प बसली आणि ही आमच्या ओटीवर येऊन भांडली.

धान्य मोजायला बसली की तिच्याकडे बघत राहावं. पहिलं माप घातलं की आमच्याकडे कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. आतेही तसंच म्हणे. पण शेवटचं माप झालं की ती उजव्या हाताची मूठ गच्च भरून वर घाली, आणि घालताना तोंड दुसरीकडे फिरवी. लहानपणी मी विचारलं होतं, "आते, बघत का नाय गो तू?"

"घेणाऱ्यानं बघायची. देणाऱ्यानं बघितली तर ती मोजली जाते."

मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. वाडीतल्या सगळ्या बायका मात्र तिचं बघून तसंच करू लागल्या होत्या.

तिची उमेदीची वर्षं मुंबईत गेली. नवरा छापखान्यात होता. तो गेल्यावर ती खोली सोडून वाडीला परत आली ती एक ट्रंक आणि तोंडात मुंबईची भाषा घेऊन. "टेन्शन नाय घ्यायचा" आणि "ट्राय मारायला काय जातंय" ही तिची दोन वाक्यं. म्हशीचं अडलेलं रेडकू काढताना पण ती "ट्राय मारू" म्हणाली होती, आणि ते रेडकू निघालं.

मी नववीत असताना आईच्या पाठीच्या दुखण्याने उचल खाल्ली, धाकटी दोघं लहान होती, आणि माझी शाळा बंद झाली. कुणी रागावून बंद केली असं नाही. एक दिवस गेले नाही, मग दुसरा दिवस, असं होत होत दप्तर माळ्यावर गेलं. तेव्हा आते आली. चहालासुद्धा थांबली नाही.

"शाळा सुटली म्हंजे पोरीचं डोकं सुटलं काय गो?"

आई पडल्या पडल्या म्हणाली, "वन्सं, माझ्याच्यानं वाकवत नाय. काय करू मी?"

"घरचं उरकून दुपारची माझ्याकडं धाड हिला. मला फोन वाचून दाखवायला माणूस हवाय."

"तुम्हाला कशाला हवाय फोन ह्या वयात?"

"नवरा शोधते," म्हणाली. आई इतकी हसली की पाठ धरून कण्हायला लागली.

आते फोन कशाला म्हणत होती ते पुढच्याच आठवड्यात समजलं. आमच्याकडची उताराची जमीन, जिला आम्ही वरकस म्हणतो, ती बहुतेकांची पडीक होती. पुरुष मुंबईला, आणि डोंगरावर वाकून नाचणी लावायची हौस कुणाला? पोलादपूरचा व्यापारी देईल तो भाव. महाडहून एका संस्थेचे सर आले होते, त्यांनी बचत गटाच्या बायकांना सांगितलं की नाचणी तशीच विकू नका, मोड आणून, वाळवून, भाजून तिचं सत्त्व करा आणि फोनवरून थेट गिऱ्हाइकाला विका. बायका हसल्या. आते हसली नाही. तिने कानातलं मोडून टच-फोन आणला आणि माझ्या हातात दिला. आयुष्यात तोवर मला एवढी मोलाची वस्तू कुणी हातात दिली नव्हती. माझे हात घामाने इतके भिजले की स्क्रीन चालेना.

"पदराला पूस आनि परत ट्राय मार," एवढंच ती बोलली.

रेंज फक्त देवळामागच्या कातळावर. तिथे बसून मी विक्रीच्या ॲपवर खातं उघडलं. सरांनी सांगितलं होतं, फोटोच्या मागे पांढरं हवं. आतेने नवऱ्याचं जपून ठेवलेलं धोतर पसरलं. सर फोटो बघून म्हणाले, "पीठ जरा काळपट दिसतंय." आते म्हणाली, "नाचणीचं पीठ असंच दिसणार. तिला काय पावडर लावू?"

पहिली ऑर्डर आली ती नागपूरची. मी कातळावरून ओरडत खाली आले.

"नागपूर?" आते विचारात पडली. "तिकडं कोण हाय आपलं?"

"कुणी नाय. गिऱ्हाईक हाय."

"मंग आता नागपूर आपलं झालं."

त्या पुडीत तिने वरची मूठ घातली तेव्हा तोंड फिरवून बाहेर डोंगराकडे बघत होती. मला ते इतकं सवयीचं होतं की त्यात काही वावगं असेल हे मनातसुद्धा आलं नाही.

पुढचे काही हंगाम आमच्या वाडीने जे बघितलं ते मी विसरायची नाही. बायांनी पडीक वरकस पुन्हा साफ केलं. ढासळलेले बांध दगड लावून उभे केले. एकमेकींच्या लावणीला सावडीने जायचं, आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. उतार हिरवे झाले, माती जागेवर राहिली, आणि खालच्या झऱ्याचं पाणी पावसातही गढूळ व्हायचं थांबलं. पुड्या घेऊन जीप पोलादपूरला उतरे, आणि मी कातळावर बसून बघे की आपली पुडी आता कुठवर पोचली. कधी पुढे आंबेनळीच्या घाटात दरड येऊन माल अडकला की गिऱ्हाईक चिडून लिहीत, आणि आते मला मराठीत सांगे ते मी जमेल तशा हिंदीत लिही, "ताई, दगड पडलाय. बाळाला तोवर तांदळाची पेज द्या."

त्याच सुमारास पांढऱ्या गाडीतून जमीन बघायला माणसं येऊ लागली. त्यांना उतारावर बंगले बांधायचे होते, लांबवर डोंगर दिसतात म्हणून. काही घरं विकायला तयार होती. आते प्रत्येकीच्या ओटीवर गेली. "विकू नका. पोरींना हितंच काम लावते मी. माझा शब्द हाय." तिचा शब्द म्हणून बायांनी त्या माणसांना परत पाठवलं. सगळं त्या एका फोनवरच्या खात्यावर उभं होतं, आणि ते आतेइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग ॲपवाल्या कंपनीचे संदेश यायला लागले. लिहिलेल्या वजनापेक्षा पुडी जड भरते. पुडी पोचवण्याच्या दराचे वजनावर टप्पे ठरलेले होते, वरच्या मुठीने पुडी पुढच्या टप्प्यात जाई. आधी पैसे कापले, मग ताकीद आली. मी आतेला वाचून दाखवलं.

"जास्त दिलं म्हणून दंड?" तिला पटेचना. "नीट वाच गो. कमी दिलं असं लिहिलं असेल."

"नाय आते. जास्तच लिहिलंय."

आम्ही कातळावर जाऊन कंपनीला फोन लावला. हिंदीसाठी दोन दाबा म्हणाले. "दाबलं, आता बोल," आते म्हणाली. बराच वेळ गाणं वाजलं, मग एक मुलगी आली आणि म्हणाली की मॅडम, वजन जास्त येतंय.

"हां तो जास्ती ही डालती मैं. कम डाला तो बोलना!"

"मॅडम, जितना डालते हैं उतना लिखिए."

"बेटी, तेरी आई तेरेको भात वाढती, तो क्या लिख के वाढती?"

दुसरी काही मदत हवी का, असं विचारून पलीकडच्या मुलीने फोन ठेवला.

मी आतेला म्हणाले, मूठ धरूनच वजन लिहू, काही बिघडत नाही. ती मला कधी रागावली नव्हती, तेव्हाही नाही. एवढंच म्हणाली, "लिहिली तर ती मापातच गेली. मंग आपण वर काय दिलं?" तिसऱ्या दिवशी तिने बायांना बोलावलं आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "आजपासून मूठ बंद. काटा सांगेल तेवढंच." तिने त्या दिवशी आपल्या बायांच्या पोटासाठी स्वतःची सवय मोडली, आणि ती किती जुनी होती हे मला माहीत होतं.

दिवाळीच्या आधी नवी नाचणी निघाली आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाची भली मोठी ऑर्डर आली. एका घरात एवढं काम मावेना, म्हणून पीठ वाटून दिलं. बायांनी आपापल्या घरी पुड्या भरल्या, काट्यावर ठेवल्या, बरोबर वजन बघितलं. आणि तोंड शिवण्याआधी, काट्यावरून उतरवल्यावर, एकेकीने तोंड फिरवून वर थोडंसं घातलं. कुणी कुणाला सांगितलं नाही. प्रत्येकीला वाटलं आपण एकटीच.

सगळा माल कंपनीच्या काट्यावर जड भरला. खातं कायमचं बंद झाल्याचा संदेश मी कातळावर वाचला आणि खाली येऊन आतेला वाचून दाखवला.

आतेच्या अंगणात सगळ्या जमल्या.

"मी नाय घातलं वन्सं. चिमूटच घातली."

"मी पण चिमूटच."

शेवटी एक म्हातारी काकी पुढे झाली. "नव्या दाण्याचं पीठ हाय सरू. कुठली तरी बाय ते पोराला भरवणार. तिला कोरडं माप धाडायचं काय?"

मला वाटलं आते आता कडाडेल. ती हसली, खळखळून हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. "मीच शिकवलं ह्यांना," मला म्हणाली. "आता बोलू कुणाला?"

सरांनी अर्ज केले. दुसऱ्या नावाने खातं काढून बघितलं, पण पत्ता तोच म्हणून तेही अडलं. आते स्वतः महाडला जाऊन सरांसमोर बसून राहिली. तोंडाने 'ट्राय मारू' म्हणायची, पण आता त्यात जोर नव्हता. पांढरी गाडी परत आली. या खेपेला आते कुणाच्या ओटीवर गेली नाही. दिलेला शब्द तिला पाळता आला नव्हता, कुठल्या तोंडाने जाणार? एकेक उतार गेला. जेसीबीने डोंगर कापून रस्ता काढला, आणि पहिल्याच पावसात झऱ्याला लाल चिखल आला.

माझ्यासाठी दूरच्या शहरात, पार कर्नाटकात, पार्सलच्या गोदामात काम असल्याचं सरांकडून तिनेच काढलं. आई पाठवायला तयार नव्हती. आतेने तिला समजावलं, मला महाडच्या स्टँडवर आणलं, गाडीत बसवलं, आणि तो फोन माझ्या मांडीवर ठेवला.

"आते, हा तुझा."

"पोरी हितं राहाव्या म्हणून आणला होता. नाय जमलं मला. तू घेऊन जा." मग खिडकीतून म्हणाली, "तिकडं रडत बसू नको. आनि आमच्यासाठी जीव अडकवून घेऊ नको."

इथे येऊन मला आता बरेच महिने झाले. भाषा अजून नीट कळत नाही. काम राहील की जाईल याची धास्ती रोज सकाळी उठल्याबरोबर असते. आमच्या पट्ट्यावर खोकी सरकत येतात, वरून कॅमेरा बघतो, खालून काटा मोजतो, आणि फरक पडला की लाल दिवा लागतो. पहिल्यांदा तो लागलेला बघितला तेव्हा मी आजूबाजूला माणूस शोधला, ज्याला जाऊन काही सांगता येईल. तिथे कुणी बसलेलं नव्हतं. आम्ही आमच्या कातळावरून एवढे दिवस कुणाशी भांडत होतो, असं मनात आलं आणि फार एकटं वाटलं. पण पगार वेळेवर होतो, आईच्या पाठीचं औषध चालू आहे, धाकटी दोघं शाळेत जातात. हे सगळं आतेमुळे, हे मी इथल्या बायांना मोडक्यातोडक्या हिंदीत सांगत असते.

परवा फोनवर बोललो, शेजारच्या कुणीतरी तिला कातळावर नेऊन फोन लावून दिला होता. आतेने तिचं वरकस विकलेलं नाही. चारी बाजूंनी तारेची कुंपणं, मधे तिचा उतार. पण गुडघे गेले, आणि सावडीला आता बाया उरल्या नाहीत.

"औंदा पेरलं नाय गो," म्हणाली. "राहू दे पडीक. जमिनीला पण सुट्टी नको काय?"

ती हसली. मला हसू आलं नाही. तिला कळू नये म्हणून मी रेंज गेल्यासारखं केलं.

आते, तुला वाचता येत नाही, हे कुणीतरी तुला वाचून दाखवेल. मी इथे खोकी भरता भरता शिकते आहे, खाती कशी चालतात, कुठे अडतात, अडली की कुणाला गाठायचं. वेळ लागेल. शिकलेल्या मुली लवकर शिकतात, मला दोनदा विचारावं लागतं. पण तू विकू नकोस. बांध ढासळले तर ढासळू दे, गवत वाढलं तर वाढू दे, मी येईन तेव्हा काढीन. तुझा शब्द तुझ्या हातून सुटला असं तू म्हणतेस. तो मी घेतला आहे. एक ना एक दिवस त्या उतारावर मी लावणी करणार आहे, आणि माझ्याबरोबर वाकायला वाडीतल्या पोरी असतील.