थांबव ना बाप्पा

पोंभुर्ण्याच्या यष्टीत तो माणूस माह्या बाजूले बसला होता. म्हणे, जर्मनीत गाणे बनवतो अन् गोऱ्यायच्या मोठ्या घोळक्याकडून म्हणवून घेतो. बोलतानाही हात असे हालवे, जसा माश्या हाकलून राह्यला.

समोरच्या बाईचं गाव आलं. "थांबव ना बाप्पा!" ती ओरडली. कंडक्टर घोरत होता, अन् इंजिनाच्या आवाजापुढं डायव्हरले ऐकू गेलं नाई.

हा गाणेवाला उठला. "बाई, एकटीनं ओरडलं तं भांडण, सगळ्यायनं ओरडलं तं गाणं!"

बायायकडून बारीक "थांबव ना", आमा माणसायकडून जाड "बाप्पा" म्हणवून घेतलं. मी बैलासारखा हंबरलो, तं खूशच झाला. काय सूर लागला!

डायव्हर मान डोलवून राह्यला.

"मुडद्याहो, गाव मांगं गेलं!" बाई किंचाळली.

डायव्हर म्हणे, "थांबवतो ना बाई. गाणं तं संपू द्या."