बाबाराव आधी विचारायचा

गेल्या महिन्यात एका सकाळी मी टाइपरायटरला कागद लावत होतो आणि रजिस्ट्री कचेरीसमोरचा चहावाला म्हणाला, "बाबाराव गेले जी, मधुकरराव." खोटं कशाला सांगू? पहिल्यांदा मनात आलं, आता त्याच्या बाकावरची माणसं माझ्याकडे येतील. दुःखही झालं... पण ते नंतर. घाटावर गेलो, तर ही गर्दी! त्याने ज्यांची खरेदीखतं लिहिली, ते घर विकणारे आणि घेणारे दोघेही आलेले. एरवी आमच्या धंद्यात दस्त झाला की हे दोघे एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. तिथे उभ्या उभ्या मी माझ्या अंत्ययात्रेला कोण येईल ते बोटांवर मोजलं. बोटं उरली.

आम्ही दोघे दस्तलेखक, कचेरीच्या आवारात एकाच कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं बसलो. अक्षर माझं चांगलं, इंग्रजी माझं चांगलं, टाइपरायटर माझ्याकडे. तरी कन्हानहून, भिवापूरहून आलेला माणूस माझ्याच टेबलाशी थांबून विचारायचा, "बाबाराव कुठी बसते जी?" आणि बोट करून दाखवायचं मी! अस्सा जळायचो. मी दिवसाला तीन दस्त उरकायचो, तो एकाला तीन दिवस लावायचा. आधी विकणाऱ्याच्या घरी जाणार, शेजाऱ्यांना बोलावून चतुःसीमा मोठ्याने वाचणार, कुठल्या बहिणीची संमती राहिली का बघणार, आणि शेवटी त्या घरच्या बाईजवळ बसून विचारणार, "बाई, तुमच्या मनात का आहे?" कोणी म्हणे, एवढा हंगाम सीताफळं उतरवू द्या, कोणी म्हणे, पोरीचं बाळंतपण इथंच होऊ द्या. ते घेणाऱ्याच्या कानावर घालून, त्याने हो म्हटल्यावरच हा स्टॅम्पपेपरला हात लावायचा. मी त्याला वेळकाढूपणा म्हणायचो. त्याचा एकही दस्त कोर्टात गेल्याचं मात्र मी ऐकलं नाही.

मग आमचंच घर विकायची वेळ आली. इतवारीतलं कौलारू घर, वडिलांनी आईच्या नावावर केलेलं. मला प्रताप नगरात प्लॉट घेऊन सिमेंटचं घर बांधायचं होतं; तिकडे तेव्हा नुसत्या खुंट्या ठोकलेल्या होत्या. गिऱ्हाईक मी शोधलं, आणि तो गृहस्थ माझ्या तोंडावर म्हणाला, "लिहायले बाबारावच पायजे." माझ्या घराला! बाबाराव आला, मला ओसरीवर बसवून स्वयंपाकघरात आईजवळ गेला. अर्धा तास दोघांचं हळू आवाजात चाललं होतं. माझ्याशी आई दिवसाकाठी दहा शब्द बोलायची. तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"दोन दिवस थांब गा मधू. एकदा तू विचार तिले."

"तुले सांगितलं नं तिनं? मंग तूच सांग."

"ते मी नाही सांगणार. पोरगा तू आहे तिचा."

माझं डोकंच फिरलं. माझ्या आईच्या मनातलं याला ठाऊक, आणि मी विचारत बसायचं? गिऱ्हाइकाची कशीबशी समजूत घातली आणि खरेदीखत मी स्वतः टाइप केलं. कचेरीत साहेबांनी आईला विचारलं, "बाई, राजीखुशीनं विकता ना?" तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दहा मिनिटांत काम झालं. कागदावर एक खाडाखोड नव्हती, आणि मला त्याचा अभिमान वाटला होता.

बाबाराव त्यावर पुन्हा कधी बोलला नाही. दर दिवाळीला प्रताप नगरच्या घरी यायचा, आईपाशी बसायचा, आणि ती खळखळून हसायची... मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचो. तिला विचारायला मला कोणी अडवलं नव्हतं. पण त्याने सांगितलं म्हणून विचारायचं, हे माझ्याने होईना.

परवा विचारलं. आई खाटेवर लसूण सोलत होती.

"आई, ते घर विकताना तुझ्या मनात का होतं वं?"

तिने हातातली पाकळी सोलून वाटीत टाकली.

"सांगितलं होतं नं मी... बाबारावले."

"मले सांग नं."

"आता काहून?" ती म्हणाली. "त्यानं विचारलं तेव्हा घर आपलं होतं."