दारातली बाभूळ आणि नवऱ्या मुलाचे मामा

बाभूळ मुद्दाम लावणारा माणूस आमच्या गावात माझ्या वडिलांच्या आधी कोणी झाला नाही, आणि नंतर झाला असंही ऐकलेलं नाही. ती शेताच्या धुऱ्यावर नाहीतर नाल्याच्या काठी आपली आपण उगवते आणि वखरासाठी किंवा चुलीसाठी तोडली जाते, एवढाच तिचा गावाशी संबंध. म्हणून फुलसावंगीच्या अलीकडच्या आमच्या लहानशा गावात, घरासमोरच्या मुरमाड आवारात वडील बाभळीचं रोप जपू लागले तेव्हा लोक येता-जाता हसत.

"काहून गा, आंबा नाई भेटला लावाले?" असं विचारणाऱ्यांत मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सगळ्यांत पुढे. त्यांच्या स्वतःच्या दारात आंबा होता. दर उन्हाळ्यात तो वाळे आणि दर पावसाळ्यात ते नवा आणून लावत. आपल्या अकलेबद्दल त्यांना कधी शंका आली नाही.

ही छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. मी तेव्हा सातवीत होतो. आमच्याकडे शेळ्या होत्या. शेळ्या बाभळीच्या शेंगा खातात आणि रवंथ करताना आतल्या टणक बिया तोंडातून बाहेर टाकतात. अशी बी पहिल्या पावसात फुटते. झाडाखाली पडलेली कोरडी बी मात्र कितीतरी दिवस तशीच पडून राहते. माझ्या धाकट्या बहिणीनं शेळ्या बसायच्या जागेवरून मूठभर बिया वेचून आणल्या. वडिलांनी त्या पेरल्या आणि उगवलेल्या रोपांतलं एकच ठेवलं. ज्या शेळ्यांच्या तोंडातून ती बी आली, त्याच शेळ्या रोप खायला टपलेल्या. म्हणून बहिणीनं भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं. आसपासचं गवत वडील खुरपून काढत, कारण लहानपणी बाभळीला सावली आणि गवताची दाटी सोसत नाही. पुढं दर वर्षी खालचे फाटे छाटायचे, म्हणजे खोड सरळ जातं. पाणी मात्र त्यांनी पहिल्या उन्हाळ्यातसुद्धा घालू दिलं नाही.

"पाणी देल्लं का त्याच्या मुया वरच्यावर रायतेत," ते मुळांबद्दल म्हणत. "लागू दे तहान. जाईन खाली."

मला मात्र त्यांनी कशाचीच तहान लागू दिली नाही. मी आधी महागावला आणि मग यवतमाळच्या कॉलेजात शिकलो. बहिणीची शाळा चौथीनंतर सुटली, कारण शेळ्यांमागे कोणीतरी हवं होतं. त्या शेळ्यांच्या पिलांवर माझी फी भरली गेली. मी बी.ए. झालो, त्यातला मोठा वाटा तिचा. हे मी उपकार फेडल्यासारखं लिहीत नाही. ते फेडता येण्यासारखे नाहीत.

माझा निकाल लागला त्याच वर्षी, माघात, तिला पाहायला केळापूरकडची मंडळी आली. मुलगा पांढरकवड्याला जिनिंगमध्ये कारकून होता. गोरा, नीट भांग पाडलेला, हसला की बरा दिसणारा. तो एकदाच हसला. बाकी वेळ त्याच्या वतीनं त्याचे मामा हसत होते, बोलत होते आणि खात होते. मामांनी कोट घातला होता. ते कधीतरी नागपूरला राहून आले होते आणि दर चौथ्या वाक्याला पुन्हा तिकडे जात होते.

"माझं म्हणणं असं आहे का," असं म्हणून ते थांबत, आणि सगळे ऐकताहेत ना हे पाहून पुढचं बोलत. पुढं काही नसे.

आईनं डिंकाचे लाडू केले होते. डिंक दारातल्या बाभळीचाच. मामांनी दोन खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि चूळ भरायला म्हणून आवारात गेले. परत आले ते कपाळाला आठ्या घालून.

"दारात बाभूय?"

"हो," वडील म्हणाले.

"तोडा ते."

"काहून?"

"बाभयीवर काय रायते ते साऱ्या जगाले मालूम हाये. शुभकार्यात नाव कायले घेता?" त्यांनी तिसरा लाडू तोंडात टाकला. "आमचा पोरगा उद्या सासुरवाडीले येईन, या झाडाखालून जाईन. नागपूरले असं कोणी खपवून घेत नाई. झाड तोडा, मंग सुपारी फोडू."

ताटात सुपारी तयार होती. ती फुटली की लग्न ठरलं, नाही फुटली तर नाही. माझी बहीण दाराआड उभी होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मामा माझ्याकडे वळले. "तुम्ही तं बी.ए. आहात. सांगा वडिलांना."

"कॉलेजात भूत हा विषय नव्हता, मामा," मी म्हणालो.

त्यांना ते कळलं नाही. मोठ्या बाबांना कळलं आणि त्यांनी माझ्याकडे डोळे वटारले. "शिकून तोंड वाढलं याचं. तोड ना बाप्पा तू! झाडापाई पोरीचं लगन मोडतं का?" असं म्हणत ते स्वतःच उठले आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड घेऊन आले. आपल्या वाळलेल्या आंब्यासाठी ते आठ वर्षांत इतक्या चपळाईनं उठल्याचं मला आठवत नाही.

वडिलांना झाड प्यारं होतं, पण मुलगी त्याहून प्यारी. ते तोडतील असंच मला वाटलं. त्यांनी कुऱ्हाड घेतली, सगळ्यांना घेऊन आवारात आले आणि बाभळीपाशी उभं राहून कुऱ्हाडीचा दांडा मामांपुढे धरला.

"घ्या."

"मी?"

"मले आठ वर्सांत भूत दिसलं नाई. तुमाले चूळ भरता भरता दिसलं. मी आंधया घाव घालीन, अन् ते उडून कोणाच्या बोकांडी बसन, मले कसं समजन? तुमी पाहून मारा. पयला घाव तुमचा, मंग बाकीचं झाड मी पाडतो. जबान देतो."

मामांनी झाडाकडे वर पाहिलं. ऊन स्वच्छ होतं, फांदीवर एक होला बसला होता. तेवढ्यावरही त्यांनी हात मागं घेतला. "माझा खांदा धरलाय," ते म्हणाले. भूत त्यांनीच आणलेलं आणि त्यांनाच लागलेलं! मी पुढं शिकलेली-सवरलेली भित्री माणसं पुष्कळ पाहिली, पण आपल्याच थापेला इतकं घाबरलेला माणूस पुन्हा पाहिला नाही.

मग वडिलांनी दांडा मुलाकडे वळवला. "जावईबापू, तुमी? का राहू द्याचं झाड? तुमी म्हनान तसं."

मुलगा पुढं झाला. क्षणभर वाटलं, आता हा बोलेल. मारतो म्हटलं असतं तरी चाललं असतं, नको म्हटलं असतं तर फारच चाललं असतं. त्यानं मामांकडे पाहिलं.

"मामा म्हनतीन तसं."

दाराआडून बहिणीचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "मंग मामासंगच लावून द्या माय, माहं लगन!"

आई "अवं!" म्हणून किंचाळली. पाहुण्यांचा गाडीवान बैलांपाशी उभा होता, तो खो-खो हसला, आणि त्याबरोबर सगळं संपलं. मामांनी टोपी सारखी केली. "पोट्टी हाये का वकील?" म्हणत ते गाडीत चढले. त्या गाडीच्या चाकांचे आरे आणि पाट्या बाभळीच्याच होत्या. एस.टी.च्या रस्त्यापर्यंत ते भुतावरच बसून गेले.

त्यांनी गावोगाव सांगितलं की घरावर सावट आहे आणि मुलगी तोंडाळ आहे. लोकांनी ते आनंदानं मानलं. दोन वर्षं आमच्याकडे कोणी फिरकलं नाही. त्या दोन वर्षांत मोठे बाबा रोज येऊन "मी सांगितलं होतं" एवढंच सांगत. तिसऱ्या वर्षी तिचं लग्न झालं, महागावकडच्या एका शेतकऱ्याशी, आणि संसार चांगला झाला.

पण मला आठवते ती पाहुणे गेले त्या दिवशीची संध्याकाळ. आई आत रडत होती. बहीण शेळ्यांना बाभळीच्या शेंगा टाकत होती. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "चांगलं सुनावलं तू. असल्या मेंगळटाशी लगन करून काय भेटणार होतं?"

तिनं हातातल्या शेंगा शेळ्यांपुढे टाकल्या.

"दिसाले बरा होता पन," ती म्हणाली. "नाई का रे?"