दारातली पळी

आमच्या दाजींना बोलता बोलता थांबवू शकेल असं माणूस उभ्या खानदेशात एकच होतं, आणि ते गेलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जळगावात पिंप्राळ्याला घर, आणि धंदा कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहून द्यायचा. त्या काळी गावात कॉम्प्युटर पाहायला लोक चपला काढून आत जात, त्यामुळे दाजींना मान भलताच होता आणि श्रोत्यांचीही वाण नव्हती. एकदा पाचोऱ्याच्या पाहुण्यांनी निघता निघता "आमच्या घरचा पंखा फार कुरकुरतो" एवढंच म्हटलं, आणि दाजी सुरू झाले. त्यांची गाडी चुकली, नंतरचीही चुकली. बिचारे मुक्कामाला राहिले, तर सकाळी दात घासतानाच दाजी त्यांच्यासमोर उभे, "तर काय सांगत होतो मी?" शिवाय या माणसाला एका वेळी एकच काम जमायचं. बोलणं चालू असलं की हातातला चहा गार व्हायचा, अर्ध्या दाढीवरचा फेस वाळून जायचा, आणि कुणी मध्ये तोंड घातलं तर ऐकूच यायचं नाही.

अक्काने यावर शोधलेला उपाय मी तिच्या लग्नानंतर लवकरच पाहिला. ती हाक मारायची नाही की खाकरायचीही नाही. हातात पळी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात नुसती उभी राहायची. दाजी दर वाक्यागणिक एकदा दाराकडे बघत. दार रिकामं असलं की पुढचं वाक्य सुरू. अक्का दिसली की चालू वाक्य पूर्ण करत आणि गप्प होत. मग ती म्हणायची, "ताट वाढेल शे," म्हणजे ताट वाढलंय. माहेरची अहिराणी तिने शहरात येऊनही सोडली नव्हती. सरळ हाक का मारत नाहीस म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "मझारच तोडं तं त्यासले घास गोड लागत नही." बोलणं मध्येच तोडलं तर त्यांना जेवण गोड लागत नाही म्हणे.

रावेरच्या एका केळीवाल्या संस्थेला दाजींनी प्रोग्रॅम करून दिला होता. कुणाच्या बागेतली केळी कोणत्या ट्रकमध्ये चढली, याची यादी तो करायचा. एकदा सुरू झाला की शेवटची ओळ होईपर्यंत कुणाचं ऐकायचा नाही. तिथल्या कारकुनाने चुकीचा महिना टाकला, आणि मशीन थांबेना. "सायेब, हे तं आयकतच नाही! कितीक बटनं दाबली, मंग वायरच उपसली," तो म्हणाला. यादी अर्धवट राहिली ती राहिलीच, वर आधीची सगळी माहितीही खराब झाली. ते निस्तरायला दाजी रावेरला गेले, तेव्हा मी बरोबर होतो. परतताना रावेरपासून जळगावपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर बोलायला लागले आणि अक्का दारात आली. तिच्याकडे बघत दाजी म्हणाले, "त्याला दारच ठेवलं नाही मी!"

तेव्हापासून त्यांचा प्रत्येक प्रोग्रॅम एक ओळ झाली की कीबोर्डकडे एकदा बघायचा. कुणी एस्केपचं बटण दाबलेलं दिसलं, की हातातली ओळ पुरी करायची, फाईल नीट बंद करायची आणि मगच थांबायचं. कुणी वाहवा केली की दाजी सांगत, "अक्कल हिची, हात माझे." आणि मग तासभर सांगत.

अक्का गेली ती एकाएकी. सकाळी भाकरी तव्यावर टाकली आणि तिथेच कोसळली. डॉक्टरांनी काय काय सांगितलं ते दाजींनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हातातली भाकरी तरी होऊ द्यायची होती."

त्यानंतर ते बोलतच सुटले. भेटायला येणाऱ्यांशी, दूधवाल्याशी, कुणी नसलं तर माझ्याशी. दर वाक्यागणिक दाराकडे बघायचे, दार रिकामं असायचं, की पुढचं वाक्य. घसा बसला, शर्ट खांद्यावर लोंबायला लागला. ताट समोर आणून ठेवलं तरी बोलणं थांबेना, मग जेवणार कसे? लोकांनी येणं टाळलं, त्यांनाही किती दोष द्यायचा? हा माणूसही असाच जाणार, अशी मला भीती वाटायला लागली.

शेवटी एका दुपारी, ते शेजाऱ्यांना काहीतरी सांगत असताना, मी स्वयंपाकघरातली पळी घेतली आणि दारात जाऊन उभा राहिलो. मला फार लाज वाटत होती. दाजींनी सवयीने बघितलं. पळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. चालू वाक्य त्यांनी पूर्ण केलं आणि गप्प झाले. शेजारी हळूच उठून गेले.

"थांबलो," दाजी म्हणाले. "आता?"

मी फक्त पळी घेऊन उभा होतो. ताट वाढलेलंच नव्हतं. दाजींनी डोळ्यांवर धोतराचा सोगा धरला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडले.

आता दर रविवारी बायकोने दिलेला डबा घेऊन मी पिंप्राळ्याला जातो. आधी ताट वाढतो, मग पळी घेऊन दारात उभा राहतो. "दाजी, ताट वाढेल शे," म्हणतो. ते वाक्य पुरं करून मुकाट्याने येतात, चार घास खातात. हल्ली ते बहुतेक अक्काबद्दलच बोलतात. म्हणून ताट वाढून झालं तरी मी दारात यायला जरा उशीरच करतो.